बोट दाखवायचं नाही

माझा फोटो आयुष्यात एकदाच पुस्तकात छापून आला, आणि त्यात मी मेलेलो आहे.

तोंडावर उपरणं ओढलेलं, पाय उघडे, खाली बारीक अक्षरात ओळ: ‘दफनपूर्व अवस्था (प्रातिनिधिक)’. कोण आहे ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण पुण्याला आईनं पुस्तक उघडलं आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं वाकडं नख ओळखलं. तिनं तिथल्या तिथे हंबरडा फोडला. वडिलांनी घाईघाईनं शेवटचं पान काढून माझे आभार मानलेले दाखवले, तेव्हा कुठे तिला धीर आला. मग मात्र आठवडाभर ते पुस्तक सगळ्या आळीत फिरलं. मुलगा मेलेला असला तरी छापील होता.

संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी मुळशी खोऱ्यात, माले गावाच्या पलीकडे एका खेड्यात प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. शाळा एक खोलीची, मास्तर एकटाच. पौडला एसटीतून उतरलं की पुढे बैलगाडी मिळाली तर बैलगाडी, नाहीतर पाय. मी तिथं जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत माणसाला एखाद्या मुलखाची जेवढी खात्रीची माहिती होते तेवढी पुढे कधीच होत नाही. पुढे शंका यायला लागतात.

गावाच्या वर, टेकडीच्या पोटाशी कातकऱ्यांची वाडी होती. पंधरा-वीस झोपड्या. ही माणसं कोळसा पाडायची. रानात भट्टी लावायची, ती विझेपर्यंत धुरात राखण करत बसायचं, आणि कोळसा ठेकेदाराच्या हवाली करायचा. जन्मभर लाकडं जाळणारी ही माणसं मेल्यावर मात्र लाकडाच्या वाऱ्याला उभी राहत नसत. माणूस गेलं की पुरायचे. यावर गावात प्रत्येकाचं मत तयार होतं. ज्यांच्या पडवीत मी भाड्यानं राहत होतो ते माझे घरमालक, गावातले सगळ्यांत मोठे जमीनवाले, ते म्हणायचे, “लाकूड वाचवत्यात, दुसरं काय!” देवळातले गुरव म्हणायचे, मंतर ठावं न्हाई म्हणून आग न्हाई. मी म्हणायचो, अज्ञान. वाडीत जाऊन विचारायचं मात्र आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. विचारल्यावर मत ठेवता येत नाही, ही मोठी अडचण असते.

अशात पुण्याहून एक प्राध्यापक आले. खाकी अर्धी विजार, डोक्याला टोपडं, गळ्यात कॅमेरा, खिशात होकायंत्र, आणि हातात प्रश्नांची छापील यादी. ‘वन्य जमातींचे अंत्यविधी’ हा त्यांचा विषय. ते तीन दिवस राहणार होते आणि तेवढ्यात कुणी मेलं तर फार बरं होईल, असं त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी मोकळेपणानं सांगितलं. वाडीत एक आजारी म्हातारा होता. प्राध्यापक रोज सकाळी उठून त्याची चौकशी करायचे. एवढ्या मोठ्या माणसानं एवढ्या आपुलकीनं विचारल्यावर म्हातारा तिसऱ्या दिवशी खडखडीत बरा झाला. प्राध्यापकांचा चेहरा एवढा उतरला की मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

मग ठरलं की नुसती माहिती विचारून घ्यायची. दुभाष्या मी. मराठीतून मराठीत भाषांतर करायचं काम. शाळेच्या ओट्यावर वाडीतली दहा-बारा माणसं येऊन बसली. बोलायला पुढं होती एक म्हातारी. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, अंगानं काटकुळी, जिभेनं धारदार. तिला मी आजी म्हणायचो. ती कधीमधी शाळेत करवंदं आणून द्यायची आणि माझ्या फळ्यावरच्या अक्षराला नावं ठेवायची, स्वतःला एक अक्षर येत नसताना.

“मृतास जाळत का नाहीत?” प्राध्यापकांनी विचारलं.

म्हातारी म्हणाली, “जलमभर आगीम्होरं बसलो, सायेब. मेल्यावं तरी गार नगं का?”

प्राध्यापकांनी लिहिलं: ‘अग्नीविषयी आदिम भय.’

“मृताचे मस्तक कोणत्या दिशेस?”

“चढाकडं.”

“चढ म्हणजे पूर्व की पश्चिम?”

“चढ म्हंजी चढ,” म्हातारी म्हणाली. “डोकं उताराकडं केलं तर पावसाचं पानी नाकात जाईल की मानसाच्या.”

प्राध्यापकांचं समाधान होईना. प्रात्यक्षिक हवं म्हणाले. मढं कोण होणार? वाडीतलं कुणी तयार होईना. शास्त्रासाठी मी आडवा झालो. शाळेमागच्या उतारावर दोघांनी मला नीट चढाकडे डोकं करून निजवलं, तोंडावर माझंच उपरणं टाकलं, प्राध्यापकांनी फोटो काढला आणि माझ्या टाळूवर होकायंत्र ठेवलं. डोक्याची दिशा वायव्य निघाली. त्यांनी उद्गारचिन्ह देऊन लिहिलं: ‘मस्तक वायव्येस! मूळ वसतिस्थानाची स्मृती?’ टेकडीच्या दुसऱ्या अंगाला निजवलं असतं तर ती स्मृती आग्नेयेला निघाली असती. पण तोंडावर उपरणं असताना माणूस वाद कसा घालणार?

“गुर्जी, उठा आता,” म्हातारी ओरडली. “जित्या मानसानं आसं निजू न्हाई. कुनी न्यायाला आलं म्हंजी?”

सगळे खो खो हसले. प्राध्यापकांनी लिहिलं: ‘मृत्युप्रसंगी हास्य.’

शेवटचा प्रश्न होता, “तुमची दफनभूमी कोठे आहे?”

हसणं थांबलं. सगळी माणसं उठली, आणि काही न बोलता पाठमोरी उभी राहिली. बायामाणसं, तो बरा झालेला म्हातारा, सगळे. आमच्या बाजूला नुसत्या पाठी. प्राध्यापक माझ्याकडे बघायला लागले. “काय म्हणतात?”

काही म्हणतच नव्हते तर मी सांगणार काय? पण आठ महिन्यांचा अनुभव गप्प बसू देईना. मी म्हणालो, “यांना ठरलेली जागा नसते, साहेब. मिळेल तिथे पुरतात. विचारलं की लाजतात.”

हे वाक्य माझं. ते कुणी सांगितलं नव्हतं, कुणाकडून ऐकलं नव्हतं. प्राध्यापकांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. तीन दिवसांत त्यांनी शब्दाला शब्द असं एकच वाक्य उतरवलं, तेही नेमकं माझं.

सहा-सात महिन्यांनी पुस्तक आलं. मी तीन प्रती विकत घेतल्या. एक आईला धाडली, एक घरमालकांना सही करून भेट दिली, आणि तिसरी उशाशी ठेवली. एक दिवस दुपारी शाळा सुटल्यावर म्हातारी करवंदं घेऊन आली, तेव्हा मोठ्या ऐटीत तिला वाचून दाखवायला बसलो. आदिम भयाला ती हसली. वायव्येला पोट धरून हसली. मग मी माझं वाक्य वाचलं, छापील भाषेत बसवलेलं, ‘या लोकांस निश्चित दफनभूमी नाही.’ ती हसायची थांबली.

“ह्ये कुनी सांगितलं?”

“तुम्हीच तर सगळे पाठ फिरवून उभे राहिलात, आजी.”

“मंग? पाठ दिली म्हंजीच दावलं न्हवं का!” पाढे न आलेल्या पोराकडे मी बघायचो तसं ती माझ्याकडे बघायला लागली. मग मऊ आवाजात समजावून सांगितलं तिनं. त्या वाडीत मेलेल्या माणसाकडे बोट दाखवायचं नाही, अशी रीत होती. बाकीच्या कातकऱ्यांत असेल नसेल, मला ठाऊक नाही. या वाडीत होती. “बोट दावलं की त्येला वाटतं, आपल्याला हाक मारत्यात. उटून येतो बिचारा. परत कोन निजवायचा? आन् त्वांड करून बी हुबं ऱ्हायचं न्हाई. त्वांड केलं की रडू येतं, आन् रडनं ऐकून त्येचा पाय निघत न्हाई. म्हनून पाठ द्यायची. ज्याला कळायचं त्येला कळतं, कुटं हाय त्ये.”

त्या दिवशी सगळ्यांनी पाठ केली होती ती बरोबर टेकडीच्या खालच्या माळाकडे. शाळेच्या ओट्यावरून दिसणारा, गवताचा, दगडांचे ढीग असलेला माळ. मला ते शेतकऱ्यांनी वेचून टाकलेले दगड वाटायचे. त्यांच्याखाली माणसं होती.

मला घाम फुटला. म्हातारीला फुटला नाही, कारण पुस्तकाची ताकद तिला ठाऊक नव्हती. ती लवकरच कळली. माळ नावावर कुणाच्याच पक्का नव्हता. मोजणी निघाली तसा माझ्या घरमालकांनी त्यावर हक्क सांगितला. गवताचं कुरण करायचं होतं त्यांना, चहूकडून कुंपण घालून. वाडीनं हरकत घेतली: आमचा मसणवटा हाय. महसूल खात्याचे सर्कलसाहेब जागेवर येऊन पाहणी करणार, असं ठरलं.

आदल्या दिवशी म्हातारी पडवीत आली. घरमालक शेतावर गेलेले बघून आली. उभ्या उभ्याच बोलली.

“गुर्जी, आमचे आदीचे समदे मुळशीच्या धरनात गेले. तुमच्या गावाचं जुनं देऊळ तरी उन्हाळ्यात पानी हटलं की वर येतं, लोक हळदकुंकू घिऊन जात्यात. आमचं काय वर येनार? त्यावर आमी काय बोललो न्हाई. पर आता माजा म्हातारा हाय तितं. त्येच्या उजव्या अंगाला माजी जागा हाय. मीच राखलीया, गवत काडून, दगूड लावून. तेवडी मला पायजे. बाकीचं आविष्य गेलं ते गेलं.” मग म्हणाली, “तुमी सांगितलेलं लिवलंय. तुमीच खोडा.”

“खोडतो आजी,” मी म्हणालो. “उद्या सगळ्यांसमोर सांगतो. तुमच्या गळ्याची आण.”

“माज्या गळ्याची नगं,” ती म्हणाली. “आदीच बारीक हाय.”

दुसऱ्या दिवशी सर्कलसाहेब आले. माणूस सरळ होता, हे मुद्दाम सांगतो. घरमालकांकडे जेवायला बसवलं तर नुसतं ताक घेतलं. माळाच्या कडेला टेबल मांडलं, कागद काढले, वाडीला बोलावलं आणि एकच गोष्ट विचारली: “तुमची जागा कुठं ती दाखवा. मी नकाशावर खूण करतो.”

वाडीनं दाखवली. सगळी माणसं वळली आणि माळाकडे पाठ करून उभी राहिली, अगदी ताठ. इतकी नीट तर मी शाळेत पोरांची रांग कधी लावली नव्हती.

सर्कलसाहेबांनी कागदावरून मान वर केली. “अहो, दाखवा म्हटलं. कुणी बोट तरी करा.”

कुणी हललं नाही. घरमालकांनी खिशातून माझं भेट दिलेलं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. “वाचा सायेब. पुण्याचं हाय. इद्वानाचं हाय.”

साहेबांनी वाचलं, शेवटचं पान चाळलं आणि माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, हे आभार तुमचेच ना?”

“हो.”

“मग हे खरं का? यांना ठरलेली जागा नाही?”

सांगायचं एवढंच होतं की, साहेब, ते दाखवतायत, आत्ता या क्षणी दाखवतायत, तुम्ही बघताय ते दाखवणंच आहे. दोन वाक्यं. जिभेवर आली होती. पण समोर घरमालक उभे होते, त्यांच्या पडवीत माझी वळकटी होती, शाळेच्या छपराला त्यांनीच वासे दिले होते. आणि खरं सांगतो, आज लाज टाकून सांगतो, त्याहून मोठं कारण होतं ते पुस्तक. छापील माणसाला खोटं कसं पाडायचं? तेही आपल्याच आभाराच्या पानावर? मी म्हणालो, “तसं बघितलं तर... तेव्हाच्या माहितीप्रमाणे...”

“बरोबर की चूक, एवढंच सांगा.”

“प्राध्यापकसाहेब फार विद्वान आहेत,” मी म्हणालो.

असं उत्तर सुचायला वेगळीच बुद्धी लागते. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणि माळ गेला. साहेबांनी टाक दौतीत बुडवला.

तेव्हा म्हातारी वळली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, फार नाही, जेमतेम. मग माळाकडे तोंड केलं, हात वर उचलला आणि बोट दाखवलं. “त्यो तितं हाय, सायेब,” ती म्हणाली. “त्या दोन दगडांच्या मदी. माजा म्हातारा हाय तितं. बघा, दावतीया मी. बघा की!”

पाठमोऱ्या माणसांत एक बाई मोठ्यानं रडायला लागली. दुसरीनं पदर तोंडात कोंबला. पण वळलं कुणी नाही, कसे वळणार?

साहेब बुचकळ्यात पडले. “मघाशी विचारलं तेव्हा का नाही दाखवलंत, बाई?” आणि समोर जे दिसत होतं ते त्यांनी प्रामाणिकपणे कागदावर उतरवलं. मी पंच म्हणून त्याखाली सही केली, म्हणून मला ते तोंडपाठ आहे: ‘एका वृद्ध स्त्रीने मागाहून बोट दाखविले. परंतु तिच्याच वाडीतील सर्व लोकांनी त्या जागेकडे पाठ फिरविली.’

माझी सही चांगली वळणदार आली.

लोक पांगले. म्हातारी तिथंच गवतात बसून राहिली. मी जवळ गेलो. काय बोलणार होतो कुणास ठाऊक, बहुतेक पुन्हा आण घेणार होतो. तिनं वर पाहिलं नाही.

“आता उटला आसंल त्यो,” ती म्हणाली. “येकदा निजवला व्हता कसाबसा. दोन रातीचा जागलेला, खोकून खोकून. आता कुटं जाईल उटून?” मग, रागावून नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, “गुर्जी, त्या दिशी मढं झाला व्हता तवा तुमी जास्ती जित्ते दिसत व्हता.”

पावसाळ्याआधी कुंपण उभं राहिलं. मी पेटून उठलो, म्हणजे प्राध्यापकांना पत्र लिहिलं. चार पानी. सगळी रीत सविस्तर कळवली, चूक माझी हेही कबूल केलं, म्हातारीनं शेवटी बोट दाखवलं तेही लिहिलं. उत्तर आलं नाही, पण वर्षाच्या आत पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. पौडच्या टपालातून आलेलं पुडकं मी रस्त्यातच फोडलं. माझं वाक्य जसंच्या तसं होतं. त्याखाली नवी तळटीप होती: ‘अलीकडे या लोकांत दफनस्थळाकडे बोट दाखविण्याची प्रथा रूढ होऊ लागली आहे. नागर संस्कृतीचा हा प्रभाव स्वागतार्ह होय.’ आभारांत माझा उल्लेख या खेपेला दोन ओळींचा होता. फोटोही होताच.

ती प्रत मी आईला पाठवली नाही.

त्यानंतर म्हातारी शाळेत आली नाही. दिसायची, संध्याकाळी कुंपणाच्या बाहेर बसलेली. माळाकडे तोंड करून बसायची, रीत सोडून, आणि काहीतरी पुटपुटायची. मला एकदा वाऱ्यावर ऐकू आलं. “नीज रं, नीज. कुनी बोलावलं न्हाई तुला. चुकून झालं.” पोराला थोपटतात त्या आवाजात. मी रस्ता बदलला. पुढे वर्षभर मी त्या रस्त्यानं गेलो नाही, लांबचा वळसा घालून शाळेत जायचो, आणि विचारलं तर प्रकृतीला चालणं चांगलं म्हणून सांगायचो.

मग माझी बदली मुठा नदीच्या खोऱ्यात झाली. दोन उन्हाळे गेले. आणि एक दिवस बाजारात जुन्या गावचा माणूस भेटला आणि बोलता बोलता म्हणाला की कातकरवाडीतली ती म्हातारी गेली, झाले पंधरा दिवस.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. काही करायला नाही, करण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मला फक्त कळायला हवं होतं की ती कुठं आहे. उजव्या अंगाला जागा मिळाली का? कुंपणाच्या काट्यांतून रात्री तिला कुणी आत नेलं का? की कुठं लांब, परक्या उतारावर, एकटी? कुंपण धड होतं, माळावर गवत सारखं वाढलेलं होतं, बाहेरून काहीच कळत नव्हतं.

वाडीत गेलो. माणसं झोपड्यांतून बाहेर येऊन माझ्याभोवती जमली. तो बरा झालेला म्हातारा अजून होता, काठी टेकत आला. मी विचारलं, “आजींना कुठं ठेवलंत?” आणि मग घाईनं म्हणालो, “बोट दाखवू नका. मला रीत माहीत आहे. आता कळेल मला. नुसते वळा.”

मी वाट बघत राहिलो. कुणाची पाठ कुठे होते ते बघायला डोळे ताणून उभा होतो.

कुणी वळलं नाही. सगळी वाडी माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.